गोजराबाईचा पहिला तोडा

२९ सप्टेंबर २०२४, रविवार. सकाळी ढगाळ, अकरानंतर ऊन. गो. ६.४०ला आली, बागेचा नळ उघडला. दूध एक लिटर. साडेदहाला क्लब हाऊसमध्ये सोसायटीची वार्षिक सभा. हजर एकतीस. बागेची नियमावली मंजूर. गो.ला उद्यापासून बंद. माझ्या तीन वह्या वेदिकाने परत दिल्या. डोके दुखते आहे, गोळी घेतली नाही.

ही नोंद मी दुपारी चार वाजता केली. तिच्यात खोटे काही नाही. माझ्या कुठल्याच नोंदीत खोटे काही नसते, आणि गोजराबाईचे काम गेले ते त्यामुळेच.

सोसायटीचे नाव लिहीत नाही. मखमलाबाद रस्त्यावर अशा पंधरा सोसायट्या आहेत, प्रत्येकीच्या फाटकावर कसल्या ना कसल्या फुलाचे नाव आहे. त्यांतली एक समजावी. आमच्या फाटकावर ज्या फुलाचे नाव आहे त्याचे झाड आत होते. ते पाने गाळते, कचरा होतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी काढले. नाव तेवढे राहिले.

मी पहिल्या मजल्यावर राहते. माझी गॅलरी बागेवर उघडते. साडेसहाला मी तिथे चहा घेऊन बसते आणि मांडीवर वही असते. वयाच्या अकराव्या वर्षापासून मी डायरी लिहिते आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस दर शनिवारी आमच्या वह्या तपासायच्या. ‘आज छान वाटले’ असे लिहिले की त्यावर लाल रेघ यायची. छान वाटणे दिसत नाही, दिसले ते लिही, वेळ लिही, आणि लिहिलेले पान कधी फाडू नकोस, असे त्या सांगत. लग्नानंतर यांच्या सातपूरच्या कारखान्यातल्या शिफ्टा मी लिहीत असे. हे गेले त्या दिवशीही मी आधी घड्याळ पाहिले आणि मग रडले.

गोजराबाई माझ्या वहीत आली २०१० साली. आम्ही राहायला आलो तेव्हा बाग म्हणजे मुरमाचा ढीग होता. एक उंच, काळीसावळी बाई त्या ढिगावर उकिडवी बसून दगड वेचत होती. तेव्हा ती चव्वेचाळीस-पंचेचाळीसची असेल. नऊवारीचा काचा, कपाळावर गोंदण, दातांना मिश्री. सोसायटीने ठेवलेली माळीण. मी वहीत लिहिले, ‘माळीण आली. नाव गोजराबाई.’ दुसऱ्या आठवड्यापासून तिचे ‘गो.’ झाले.

तिचे सासर इथलेच. आमच्या तीन इमारती उभ्या आहेत ते शेत तिच्या सासरच्यांनी वीस वर्षे वाट्याने केले होते. मालक दुसराच, तो शेत विकून मोकळा झाला. तिच्या सासरच्यांकडे विकायला काही नव्हते. ते शेत झेंडूचे आणि शेवंतीचे. पहाटे फुले तोडून ती टोपल्यांतून पंचवटीच्या बाजारात जात. एवढे मला तिच्याकडून तुकड्यातुकड्याने कळले, कारण ती बोलत असे आणि मी वर बसून ऐकत असे. ती खालून बोलायची, मान वर न करता, जणू रोपांशीच.

हिरवळीवर तिचा राग होता. ती तिला सतरंजी म्हणे.

“बाई, मला एक सांगा. ह्या सतरंजीला पाणी घालायचं, खत घालायचं, वाढली की कापायची आन फेकून द्यायची. माणसानं असं पोर वाढवलं तर लोक काय म्हणतील?”

फेकून द्यायचे म्हणजे तिच्या मते पाप. कापलेले गवत ती गोणीत भरून घरच्या शेळीला न्यायची. भिंतीलगत तिने कढीपत्ता लावला होता, तो माणसापेक्षा उंच झाला. दर सोमवारी माझ्या दाराच्या कडीला कढीपत्त्याची एक डहाळी अडकवलेली असे. मी कधी मागितली नाही आणि तिनेही कधी बेल वाजवली नाही. मी वहीत लिहीत असे, ‘गो.ने कढीपत्ता दिला.’

गेल्या वर्षी नवी कमिटी आली. अध्यक्ष धनराज बोरस्ते. मूळ पिंपळगाव बसवंतचे. तिकडे त्यांची द्राक्षबाग आहे, कोल्ड स्टोरेज आहे. मुलांच्या शाळेसाठी इथे फ्लॅट घेतला. सेक्रेटरी वेदिका. तिशीची मुलगी, घरून कॉम्प्युटरवर काम करते, हुशार आणि टापटिपीची. मला ती आवडत असे, कारण ती तारीख टाकल्याशिवाय कागद पुढे सरकवत नसे.

वेदिकाने नियमावली तयार केली. तेवीस कलमे. लिफ्टमध्ये लावली. गवताची उंची दोन इंच. झाडे फक्त सोबतच्या यादीतली, आणि यादीत पाम, क्रोटन, ड्युरांटा. फळे, भाज्या, खाण्याजोगी पाने लावू नयेत. फुले सदस्यांनी किंवा कर्मचाऱ्यांनी तोडू नयेत, ती झाडावरच शोभावीत. हिरवा कचरा घंटागाडीतच द्यावा. कलम सतरा, सामाईक जागेत मूर्ती, जुन्या तसबिरी, शेंदूर लावलेले दगड ठेवू नयेत, आढळल्यास हलवण्यात येतील. हे फाटकाजवळच्या पिंपळासाठी होते. लोक तिथे देवांच्या फुटक्या तसबिरी आणून ठेवतात. मला ते कलम योग्य वाटले होते. मी वाचून सही केली.

नियमावलीबरोबर बाग एका एजन्सीला द्यायचे ठरत होते. त्यासाठी माळीण नको, आणि नको असण्याला कारण हवे. ‘बाई वेळेवर येत नाही’ असे तीन तक्रारअर्ज आले. अर्ज करणारे तिघेही नऊच्या आधी उठत नाहीत, हेही माझ्याकडे लिहिलेले आहे.

सभेच्या आधीच्या बुधवारी गोजराबाई गॅलरीखाली येऊन उभी राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मान वर केली.

“बाई, तुम्ही रोज लिवता ना?”

“लिहिते.”

“मी कवा येते ते हाय त्यात?”

“रोजचं आहे.”

“मंग तेवढं सांगा त्यास्नी. माझं तोंड कोण ऐकतं? कागदाचं ऐकतील.”

मला वाचता येते आणि तिला येत नाही, एवढाच आमच्यातला फरक आहे असे तिला वाटत असावे. मलाही तेव्हा तसेच वाटले. खरे सांगायचे तर मला आनंद झाला. पासष्ट वर्षे मी लिहीत होते आणि कोणाला त्याचा उपयोग झाला नव्हता.

मी एका कागदावर तारखा आणि वेळा उतरवून दिल्या असत्या तर एका दुपारचे काम होते. तसे मी केले नाही. उतारा म्हणजे निवडलेले, आणि निवडलेले म्हणजे अर्धे खरे. नोंदवही द्यायची तर अख्खी द्यायची. माझ्या हस्ताक्षराचा, माझ्या न खाडाखोड केलेल्या पानांचा मला अभिमान होता, हेही लिहिते. शुक्रवारी संध्याकाळी मी २०२२, २३ आणि २४ अशा तीन वह्या वेदिकाच्या हातात दिल्या.

“वा काकू,” ती म्हणाली, “हे तर सोनं आहे.”

रविवारी वह्या टेबलावर होत्या तेव्हा त्यांतून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. मी मोजल्या. चौतीस.

गोजराबाईला बोलावले होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ती दाराला टेकून उभी राहिली. धनराजभाऊंनी सुरुवात छान केली.

“हजेरीचा विषय मिटला. बाई रोज येते, वेळेवर येते. हे आपल्याला काकूंमुळे कळलं.” मग त्यांनी चष्मा लावला. “बाकीचंही काकूंमुळेच कळलं.”

लोक हसले. वेदिका वाचू लागली. तिचा आवाज स्वच्छ आहे.

“अकरा मार्च. गो.ने भिंतीलगतचा कढीपत्ता दिला.”

“कोणाला दिला?” मागून कोणीतरी विचारले.

“मला,” मी म्हणाले.

“तुमचं काही नाही हो काकू,” धनराजभाऊ म्हणाले. “तुम्ही निदान लिहून तरी ठेवलंत.”

पुन्हा हसले.

“चार जून. गो. कापलेले गवत गोणीत भरून घेऊन गेली. बावीस जुलै. गो.ने झेंडूच्या दोन्ही वाफ्यांतले सगळे शेंडे खुडले.”

“बघा,” एक बाई म्हणाल्या, “मी म्हणतच होते, झाडं बोडकी का दिसतात.”

शेंडा खुडला की झेंडूला फांद्या फुटतात आणि फुले वाढतात. हे मला गोजराबाईने सांगितले होते. धनराजभाऊंना कोणी सांगायची गरज नव्हती, छाटणीवर त्यांचे घर उभे आहे. मी त्यांच्याकडे पाहिले. ते पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत होते. मी तोंड उघडले तोवर वेदिका पुढच्या चिठ्ठीवर गेली होती.

“एकोणीस सप्टेंबर. गो. ६.३५. झेंडूचा पहिला तोडा. फुले ओटीत भरून पंपाच्या खोलीमागे गेली. ६.५०ला परत. ओटी रिकामी.”

फुले काढण्याच्या पाळीला माळी तोडा म्हणतात. खाली गोजराबाई तो शब्द वापरायची, म्हणून मी तोच लिहिला होता.

“असंच तेवीस सालीही आहे, बावीस सालीही,” वेदिका म्हणाली. “दर वर्षी पहिली फुलं. आणि पंपाच्या खोलीमागे कुंपणाची भिंत पडलेली आहे. पलीकडे रिक्षा स्टँड.”

आता कोणी हसले नाही. पितृपक्षात, नवरात्राच्या तोंडावर झेंडूला काय मागणी असते ते सगळ्यांना माहीत होते.

“गोजराबाई,” धनराजभाऊंनी विचारले, “फुलं कुठं गेली?”

तिने टेबलावरच्या वह्यांकडे पाहिले.

“विकली?”

“नाय.”

“घरी नेली?”

“नाय.”

“मग गेली कुठं? तीन वर्षांचं लिहिलेलं आहे इथं.”

“दिली.”

“कुणाला?”

“द्यायची त्यास्नी.”

“म्हणजे कुणाला, नाव सांग ना.”

तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला. “लिवलंय ना बाईंनी,” ती म्हणाली. “मंग तेच खरं धरा.”

मी उभी राहिले. ही बाई चोर नाही, असे म्हणाले. वेदिकाने मऊ आवाजात विचारले, “काकू, त्या दिवशी फुलं कुठे गेली हे तुम्ही पाहिलंत?” मी पाहिले नव्हते. पंपाची खोली मध्ये येते. पाहिले नाही ते मी सांगू शकत नव्हते. मी खाली बसले. हात वर झाले, मोजणी झाली. मी हात वर केला नाही, पण एकतीसमधला तो एक न उठलेला हात इतिवृत्तात कुठे दिसत नाही.

चारला मी वरची नोंद केली. पाचला बेल वाजली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

गोजराबाईच्या हातात छाटणीची कात्री, खुरपे आणि नळाची चावी होती.

“सोसायटीचं हाय. उद्या वॉचमनकडं द्या. मी दिलं तर म्हणतील दोनच वस्तू दिल्या.”

“आत ये. बस.”

“बसत नाय. हात चिखलाचं हायेत.”

“गोजराबाई, माझं चुकलं.”

“काय चुकलं? खोटं लिवलं का?”

“नाही.”

“मंग. ओटी भरून गेले ते खरं. रिकामी आले ते बी खरं.” तिने वस्तू चपलांच्या कपाटावर एकेक करून मांडल्या. “चौदा वर्सं लिवलं तुम्ही. कवा आली, कवा गेली, काय उचललं. येकदा गॅलरीतून हाक मारून इचारलं नाय, का गं गोजरा, फुलं घिऊन कुठं चाललीस.”

विचारणे मला आगाऊपणाचे वाटत असे. दुसऱ्याच्या खाजगीत डोकावू नये, हेही सिस्टर ॲग्नेसनीच शिकवले होते.

“चला,” ती म्हणाली. “दावते.”

पंपाची खोली माझ्या गॅलरीपासून साठ पावलांवर आहे. मी तिच्यामागे कधी गेले नव्हते. तिथे भिंत आणि खोली यांच्यामध्ये हातभर जागा. गवत काढून जमीन सारवलेली. भिंतीशी ओळीने सात दगड, नारळाएवढे, शेंदराने जाड झालेले. त्यांच्यावर झेंडूची फुले, वाळून तपकिरी पडलेली. मी मोजली नाहीत. मोजावीशी वाटली नाहीत.

“आसरा,” गोजराबाई म्हणाली. “हिरीच्या.”

शेतात विहीर होती. ती आता पार्किंगखाली आहे. विहिरीत मुरूम टाकायला लागले त्या दिवशी तिची सासू कुसाबाई काठावरचे या जलदेवतांचे सातही दगड घमेल्यात घालून कडेला घेऊन आली. बिल्डरच्या माणसाने भिंतीपाशी ठेवू दिले. पुढे पंपाची खोली झाली आणि दगड तिच्यामागे झाकले गेले. कुसाबाई जाताना सुनेला एवढेच सांगून गेली की पाणी गेले म्हणून पाण्याच्या बायांना उघड्यावर सोडू नकोस. तिच्या घरी पहिला तोडा विकत नसत आणि घरातही आणत नसत. तो विहिरीचा. गोजराबाईला मळ्यात दुप्पट रोज मिळत होता. ती सोसायटीची माळीण झाली ती या सात दगडांसाठी.

“अगं, मग सभेत हे सांगायचं ना. चोरीचा शिक्का तरी बसला नसता.”

“सांगितलं असतं तर मी ऱ्हायले असते आन ह्या गेल्या असत्या. त्यो कागद मनीषानं मला वाचून दावला.” मनीषा तिची सून. “सतरावं. शेंदूर लावलेलं दगड. तुम्ही पन सही केली ना त्याच्यावर?”

“केली.”

“मंग.”

ती वाकली, एका दगडावरचे वाळके पान काढले.

“धनराज शेटला ठाऊक हाय,” ती सहज म्हणाली. “पहिला तोडा कुठं जातो ते. त्यांच्या बी बागंत पहिला घड कुणी तोंडात घालत नाय. इचारत होते आन माझ्याकडं बघत नव्हते.”

“मी सांगते त्यांना. मी बोलते.”

“नका. तुम्ही बोलाल आन ते उद्या ह्यांना उचलाया लावतील. माझं गेलं ते गेलं.”

“मग मी रोज इथे पाणी घालीन.”

ती हसली. मिश्रीने काळे झालेले तिचे दात मी चौदा वर्षांत इतक्या जवळून पाहिले नव्हते.

“नको बाई. तुम्ही घालाल आन लिवाल.”

मी मान खाली घातली.

“एवढं मात्र लिवू नका,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

आज लिहायला कोणाची हरकत उरलेली नाही. एजन्सीने दसऱ्याच्या आधीच झेंडूचे वाफे उपटून तिथे सतरंजी अंथरली. फेब्रुवारीत पडकी भिंत बांधून काढली आणि पंपाच्या खोलीमागे पेव्हर ब्लॉक बसवले. दगड कुठे गेले असे मी सुपरवायझरला विचारले. यावेळी मी विचारले. “कुठले दगड आजी? मलबा होता, ट्रॅक्टरमध्ये गेला.” धनराजभाऊ शेजारी उभे होते. त्यांनी मला बागेतल्या नव्या दिव्यांचे कौतुक सांगायला सुरुवात केली. गोजराबाई मखमलाबाद नाक्यावर हार विकायला बसते, असे वॉचमन सांगतो. मी गेलेले नाही.

त्या रविवारी मात्र मी शब्द पाळला. संध्याकाळी वर आले, हात धुतले, दिवा लावला. वही उघडली. सात दगड मी पाहिले होते, वेळ पाहिली होती, पाच वाजून बावीस मिनिटे. अकराव्या वर्षापासून पाहिलेले मी लिहिले नाही असे कधी झाले नव्हते. मी पेन हातात धरून बसले, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. मग चारच्या नोंदीखाली एकच ओळ लिहिली आणि वही मिटली.

कढीपत्ता संपला. मंडईतून आणणे.